डाय-कटर घ्यायचाय? आधी डाय मोजा

इकडे परदेशात क्विल्टिंग, म्हणजे तुकडे जोडून गोधड्या, करणाऱ्यांच्या शिवणखोलीत कापड कापायचं डाय-कटिंग मशिन सर्रास दिसतं. मायदेशातून मग हमखास विचारणा होते, ‘घ्यावं का? वेळ फार वाचतो म्हणे.’ वेळ वाचतो, यात वाद नाही. पण कोणत्या आकारात वाचतो आणि त्यापायी कापड किती जास्त जातं, हे प्रात्यक्षिक दाखवणारे सांगत नाहीत. दहा सेकंदांत सहा थर कापून दाखवतात. त्याआधीची इस्त्री, पट्ट्या पाडणं आणि घड्या घालणं कॅमेऱ्यामागे उरकलेलं असतं. आणि खरा खर्च मशिनचा नाहीच, तो डायचा, म्हणजे कापायच्या साच्याचा. एक डाय म्हणजे एक आकार, एकाच मापात. तीन इंची त्रिकोणाच्या डायमधून चार इंची त्रिकोण कधीच निघणार नाही.

डाय म्हणजे फळीत उभी रोवलेली धारदार पोलादी पाती आणि त्यांच्या वर फोम. फोम जाड असल्यामुळे पाती वरून दिसत नाहीत, म्हणून बोटाने दाबून बघायचा मोह आवरा. फोमवर कापड, कापडावर प्लास्टिकची कटिंग मॅट, आणि हा सगळा थर दोन रोलरच्या मधून जातो. दाबाने फोम चेपतो, पाती कापडातून पार होऊन मॅटला टेकतात. पलीकडे बाहेर पडताच फोम पुन्हा फुगतो आणि कापलेले तुकडे वर ढकलतो. अ‍ॅक्यूक्विल्टच्या ‘गो’ मशिनमध्ये १० इंच रुंदीपर्यंतचे डाय जातात, सिझिक्सच्या ‘बिग शॉट’चं तोंड ६ इंची आहे. एका कंपनीचा डाय दुसऱ्या कंपनीच्या मशिनमध्ये घालण्याआधी नुसती रुंदी नाही, जाडीही बघावी लागते. साध्या सुती कापडाचे सहसा सहा थर एका वेळी कापले जातात. डेनिम, फ्लीस किंवा मागे फ्यूजिबल (इस्त्रीने चिकटणारा थर) चिकटवलेलं कापड असेल तर थर कमी करायचे.

आता कापडाचा हिशेब. साडेचार इंची चौकोन हवे आहेत असं धरू. शिवल्यावर ते ४ इंचांचे होतात, कारण चारही बाजूंना पाव इंचाची माया जाते. रोटरी कटरने (मोजपट्टीलगत हाताने ओढायचं गोल फिरतं पातं) साडेचार इंची पट्टी पाडली तर ४२ इंच वापरण्याजोग्या रुंदीतून ९ चौकोन मिळतात. डायवर कापड पात्यांच्या बाहेर दोन्हीकडे साधारण पाव इंच तरी यावं लागतं, म्हणजे पट्टी ५ इंचांची आणि प्रत्येक थरालाही ५ इंच. त्याच रुंदीतून ८ चौकोन निघतात. शंभर चौकोनांसाठी रोटरी कटरने कापलं तर १२ पट्ट्या, म्हणजे ५४ इंच कापड. डायने १३ पट्ट्या, म्हणजे ६५ इंच. एका चौकोनामागे कापड साधारण चौथ्या हिश्शाने वाढतं. पॅटर्नवर दिलेलं कापडाचं माप बहुतेकदा रोटरी कटरसाठी धरलेलं असतं, त्यामुळे तेवढंच आणलं तर शेवटच्या दोन ब्लॉकना (तुकडे जोडून होणाऱ्या, क्विल्टच्या एकेका भागाला) कापड कमी पडतं. एकाच डायवर अनेक आकार असतील आणि शेजारचे आकार एकाच पात्यावर कापले जात असतील, तर ही नासाडी बरीच आटोक्यात येते. डाय निवडताना त्याचा फोटो बघायचा तो यासाठी.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते: रोटरी कटर सुटत नाही. १९७९ मध्ये ओल्फाने तो बाजारात आणला, आणि डाय-कटर घेतलेल्यांनाही पट्ट्या पाडायला, कडा सरळ करायला तोच लागतो.

त्रिकोणांचं काय? मशिन विकताना सगळ्यात जास्त गाजवतात ते अर्धचौकोनी त्रिकोण, दोन जोडले की एक चौकोन होतो असे. शिवल्यावर ३ इंची होणाऱ्या चौकोनांचा ६० बाय ७२ इंचांचा क्विल्ट घेऊ. त्यात २० गुणिले २४, म्हणजे ४८० चौकोन, अर्थात ९६० त्रिकोण. डायवर चार त्रिकोण असतील आणि सहा थर घातले तर एका फेरीत २४, म्हणजे ४० फेऱ्या. फिकं आणि गडद कापड सुलट बाजू एकमेकींवर ठेवून कापलं तर त्रिकोण जोडीनेच बाहेर पडतात आणि थेट मशिनखाली जातात. टोकंही आधीच छाटलेली असतात. ऐकायला छान आहे. पण रोटरी कटरवाल्याकडेही उत्तर आहे: पावणेआठ इंची दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवायचे, दोन्ही कर्ण आखायचे, प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई मारायची आणि उभं, आडवं, दोन्ही कर्णांवर कापायचं. आठ तयार चौकोन. ४८० साठी अशा ६० जोड्या, म्हणजे सुरुवातीला फक्त १२० चौकोन कापायचे. वर उरेब (धाग्याला तिरपी) कड शिवून झाल्यावरच उघडी पडते, त्यामुळे ताणली जाण्याची भीती कमी. नुसत्या चौकोन-त्रिकोणांसाठी मशिन घेऊ नये असं आमचं मत आहे ते या हिशेबावर.

मशिनची किंमत वसूल होते ती गोलाईच्या क्विल्ट-नमुन्यांत. ड्रंकर्ड्स पाथचा पाव गोल आणि त्याचा खोलगट जोडीदार, ॲपल कोअर, क्लॅमशेल, डबल वेडिंग रिंगच्या कमानी. हे साच्याभोवती कटर फिरवून कापताना हात जरा घसरला तरी दोन कडा एकमेकींत बसत नाहीत. डायमध्ये शंभरावा तुकडाही पहिल्यासारखाच निघतो, आणि चांगल्या डायमध्ये मध्य दाखवणाऱ्या खाचा असतात. पिन तिथेच लावायची. ॲप्लिकेची पानंफुलं (कापडावर वरून शिवायचे आकार), साठलेल्या चिंध्यांमधून एकाच मापाचे तुकडे, ही दुसरी जागा. तिसरी जागा दुखऱ्या मनगटाची. मोजपट्टीवर जोर देऊन कटर ओढणं ज्यांना जमत नाही, त्यांनी वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून हँडल फिरवून बघावं.

बिघडतं कुठे, तेही बघू. कापलेला चौकोन किंचित आयताकृती निघाला तर बहुधा कापड रोलरखाली ताणलं गेलेलं असतं. आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो, म्हणून कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा, शक्यतो मशिनमध्ये शिरण्याच्या दिशेत ठेवा. स्टार्च मारून इस्त्री केली तर कापड हलत नाही, मात्र ते पूर्ण वाळू द्या. काही डायवर आकार मुद्दाम तिरपे बसवलेले असतात. लांब पातं रोलरला समांतर असलं तर सगळा दाब एकदम येतो आणि हँडल अडतं, तो ताण टाळायला ही तिरकी मांडणी. अशा वेळी कापड डायच्या कडेशी नाही, आकाराच्या कडेशी समांतर लावायचं. पट्ट्यांच्या डायवर दुमड वाकडी पडली की पट्टी उलगडल्यावर मधोमध कोपर काढते.

आरशातला तुकडा ही आणखी एक डोकेदुखी. झिगझॅग घड्या घातल्या की एक थर सुलट, पुढचा उलट. चौकोनाला फरक पडत नाही, पण समांतरभुज चौकोन किंवा एका बाजूला वळलेलं पान असेल तर निम्मे तुकडे उलट्या दिशेचे निघतात. तिथे घड्या न घालता वेगवेगळे तुकडे एकावर एक रचा, सगळ्यांची सुलट बाजू वर. मग डायवर आकार जसा दिसतो तसाच कापडावर मिळतो.

कोपऱ्यात दोन-चार धागे न कापता राहिले तर डायला दोष द्यायच्या आधी मॅट बघा. एकाच जागी कापून तिच्यात चरे पडतात आणि पात्याला टेकायला काही उरत नाही. मॅट दर फेरीला पालटा, अधूनमधून टोकही फिरवा. एकाच बाजूने वापरलेली मॅट वाकतेही. त्याने भागलं नाही तर एक थर कमी करा. फोमच्या खाचांत धाग्यांची तुसं साठतात, ती मऊ ब्रशने किंवा चिकट रोलरने काढा. दाब वाढवायला पुठ्ठा सरकवायचा जुगाड रोलर आणि गिअरच्या मुळावर येतो.

दर वेळी नवा पॅटर्न आणि प्रत्येकात वेगळे आकार, असं तुमचं काम असेल तर डाय-कटरपेक्षा संगणकावर चालणारं कटिंग मशिन बघावं. २०१७ मध्ये आलेल्या क्रिकट मेकरमध्ये कापडासाठी छोटं फिरतं पातं आहे. आकार पडद्यावर काढायचा, डाय लागत नाही. पण कापड चिकट मॅटवर एकाच थरात लावायचं आणि साधी मॅट १२ इंची. चाळीस वेगळे तुकडे त्यातून सुखाने निघतात. नऊशेसाठकरता ते नाही.

ठरवायचंच असेल तर आधीच्या पाच-सहा क्विल्टमधले आकार मापांसह कागदावर लिहा. एखादा आकार त्याच मापात तीनदा आला असेल तर तो डाय घेण्याजोगा. यादीत दर वेळी नवं माप असेल तर थांबा. खोक्यावरचं माप कापलेल्या तुकड्याचं की शिवल्यानंतरचं, हे वाचून घ्या. चार आणि साडेचारचा घोळ इथेच होतो. अ‍ॅक्यूक्विल्टचे क्यूब संच आठ डायचे असतात आणि ठरावीक मापाच्या ब्लॉकभोवती बांधलेले असतात, तेव्हा आधी ब्लॉकचं माप ठरवा, मग संच.

जुनं मशिन मिळत असेल तर सोबत कापडाचे तुकडे न्या. एक थर आणि सहा थर, दोन्ही कापून बघा. रोलरच्या एका टोकाला नीट कापतंय आणि दुसऱ्या टोकाला धागे राहतायत असं झालं तर ते घेऊ नका. डायचं पातं कुठे वाकलंय का ते फोम बोटाने नाही, मोजपट्टीने अलगद दाबून, बाजूने नजर टाकून तपासा. फाटलेला फोम चालेल असं वाटतं, पण तिथे कापड वर न येता पात्यांत अडकून बसतं.

विजेवर चालणारं मशिन दुसऱ्या देशात न्यायचं असेल तर मागच्या पट्टीवरचं इनपुट वाचा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलेलं असेल तर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते थेट लावता येत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे ५० हर्ट्झवर मोटर चालेल का हे कंपनीलाच विचारावं लागतं. हाताने फिरवायच्या मशिनला ही भानगड नाही.