बॉस्टन मॅरेथॉन २०२५: पात्रता वेळेपासून बॉयल्स्टन स्ट्रीटपर्यंत

दिल्लीत फेब्रुवारी २०२४ मध्ये मी ३ तास ४१ मिनिटं २० सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि त्या वेळेवर एप्रिल २०२५ च्या बॉस्टनला माझा नंबर लागला. नेमक्या एवढ्याच वेळेवर २०२६ साठी माझा अर्ज बाद झाला असता, तोही ५४ सेकंदांनी. बॉस्टनचं स्वप्न पाहणाऱ्यांनी आधी हे गणित समजून घ्यावं. विमानाचं तिकीट, बूट, धावताना खायचे एनर्जी जेल वगैरे सगळं त्यानंतर.

४५ ते ४९ वयोगटातल्या बायकांसाठी २०२५ ची पात्रता वेळ ३ तास ५० मिनिटं होती. पण पात्रता वेळ म्हणजे प्रवेश नव्हे, ती फक्त अर्ज करायची परवानगी. शर्यतीत जागा साधारण ३०,०००, त्यातल्या काही धर्मादाय संस्थांसाठी निधी उभारणाऱ्यांना जातात. पात्र अर्जदार मात्र ३६,३९३ आले. मग सगळ्यांना रांगेत उभं करतात: आपापल्या वयोगटाच्या वेळेपेक्षा कोण किती जास्त वेगाने धावलं, या क्रमाने. त्या वर्षी रेघ ६ मिनिटं ५१ सेकंदांवर पडली आणि १२,३२४ पात्र धावपटू घरी राहिले. माझ्याकडे ८ मिनिटं ४० सेकंदांचा बफर होता म्हणून निभावलं. २०२६ साठी ६० वर्षांखालच्या सगळ्यांची पात्रता वेळ पाच मिनिटांनी कडक केली. अर्ज थोडे घटले, ३३,२४९ आले, तरी कटऑफ ४ मिनिटं ३४ सेकंदांवर गेलाच. माझ्या वयोगटाला त्यामुळे प्रत्यक्षात ३:४०:२६ हवे होते.

पुण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये कुणाचं ‘बीक्यू’ (बॉस्टन क्वालिफायर, म्हणजे पात्रता वेळ) झालं की त्याच रविवारी पेढे येतात. पेढ्यांना माझा विरोध नाही, पण सप्टेंबरअखेर कटऑफ जाहीर होईपर्यंत विमान कंपन्यांच्या साइटवर जाऊ नका. २०२२ आणि २०२३ साली कटऑफ लागलाच नव्हता, सगळे पात्र धावपटू आत गेले. ते दिवस धरून आजही सल्ले देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. निदान सहा-सात मिनिटांचा बफर धरूनच सराव आखा.

ही पात्रता भानगड आली १९७० मध्ये. १८९७ च्या पहिल्या शर्यतीत १५ जण धावले होते. १९६९ पर्यंत आकडा हजाराच्या वर गेला आणि आयोजक बॉस्टन ॲथलेटिक असोसिएशनने चार तासांच्या आत धावू शकणाऱ्यांनीच यावं असं ठरवलं. गंमत म्हणजे तेव्हा बायकांना अधिकृत प्रवेशच नव्हता, तो १९७२ मध्ये मिळाला. बॉबी गिब १९६६ मध्ये बिबशिवाय, म्हणजे छातीवरच्या अधिकृत क्रमांकाशिवाय, धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर बिब लावून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला.

पात्रतेसाठी कुठे धावायचं

प्रमाणित मार्गावरची मॅरेथॉन लागते. जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन चालते, वातावरण तर अफाट असतं. पण दमट हवा आणि शेवटच्या टप्प्यात परत येणारा पेडर रोडचा चढ बघता वेळेसाठी मी मुंबई निवडणार नाही. दिल्लीची फेब्रुवारीतली सकाळ थंड, रस्ता सपाट. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि जे तिकडेच डोंगरावरून खाली उतरणारी एखादी वेगवान शर्यत गाठायचा बेत करताहेत, त्यांनी नवा नियम वाचावा. २०२७ पासून निव्वळ उतार १,५०० फुटांपासून ३,००० फुटांच्या आत असेल तर तुमच्या वेळेत पाच मिनिटं मिळवली जातात, ३,००० ते ६,००० च्या दरम्यान असेल तर दहा. त्याच्या पुढे ती वेळ धरतच नाहीत.

अर्ज सप्टेंबरात पाच दिवस घेतात. पहिल्या मिनिटाला भरला म्हणून काही फायदा नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या सकाळसाठी रात्री जागत बसू नका. निकालाची लिंक हाताशी ठेवा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे शर्यतीच्या नोंदणीत नवऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची जी सरमिसळ होते ती पडताळणीत त्रास देते. व्हिसाचं काम निकालाची वाट न बघता सुरू करावं. मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो आणि सप्टेंबरअखेर ते एप्रिल हा काळ वाटतो तेवढा मोठा नाही. माझा व्हिसा आधीच होता, तेवढी एक काळजी मिटली होती.

राहणं आणि बिब

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा लंडनमार्गे जाता येतं. एप्रिलमध्ये घड्याळात साडेनऊ तासांचा फरक पडतो. शर्यत नेहमी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला असते, म्हणून आधीच्या बुधवारपर्यंत पोहोचलेलं बरं. मॅरेथॉनच्या आठवड्यात शर्यत जिथे संपते त्या कॉप्ली स्क्वेअरच्या आसपासची हॉटेलं परवडण्यापलीकडची असतात. मी न्यूटनमध्ये भाचीकडे उतरले होते. नातेवाईक नसले तरी न्यूटन, केंब्रिज, क्विन्सी इथे शोधा. मेट्रोने, म्हणजे तिथल्या भाषेत ‘टी’ने, शहरात सहज येता येतं. फक्त शर्यतीच्या दिवशी कॉप्ली स्टेशन बंद असतं हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

बिब हाइन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मिळतो. स्वतः जावं लागतं, फोटो ओळखपत्र लागतं आणि सोमवारी सकाळी बिब मिळत नाही. तिथल्याच एक्स्पोमध्ये, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, आयोजकांचं युनिकॉर्नचं चिन्ह असलेलं जॅकेट विकायला असतं. शर्यत पूर्ण होण्याआधी ते अंगात घालू नये अशी तिथली श्रद्धा आहे. मी अशा गोष्टी मानत नाही, पण जॅकेट मंगळवारपर्यंत पिशवीतच ठेवलं होतं.

सोमवार सकाळ

आपल्या सवयीला सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. आपण पहाटे साडेतीनला उठून, उजाडायच्या आत अर्धी मॅरेथॉन संपवणारी माणसं. बॉस्टनची पहिली वेव्ह, म्हणजे धावपटूंची पहिली तुकडी, सकाळी दहाला सुटली आणि माझी तिसरी दहा पन्नासला. म्हणजे धावायच्या वेळी आपल्याकडे पोटात जेवणाची घंटा वाजते. त्यामुळे दोन टप्प्यांत खावं लागतं. मी घरून निघताना दूध-ओट्स खाल्ले आणि सुटण्याआधी दीड तास केळं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. मार्चमधले एक-दोन लाँग रन मुद्दाम नाश्ता करून नऊ वाजता सुरू करा. पुण्याच्या उन्हात नकोसं होतं, पण पोटाला कळायला हवं.

शर्यत बॉस्टनला संपते, सुरू होते हॉपकिंटन गावात. बॉस्टन कॉमनपाशी सामान जमा करायचं आणि पिवळ्या स्कूल बसमध्ये बसायचं. जवळजवळ तासभर बस चालतच राहते, आणि आपल्याला हे सगळं अंतर पायांनी परत यायचंय हे तेव्हा नीट उमगतं. मोठी बॅग बसमध्ये चालत नाही, फक्त छोटी पारदर्शक पिशवी. शाळेच्या मैदानावर तंबू, पाणी, बेगल, केळी आणि मोबाइल शौचालयांच्या रांगा असतात. गवत ओलं असतं, बसायला जुना प्लॅस्टिकचा कागद न्या. अंगावर फेकून देता येईल असे जाड कपडे ठेवा. सुटण्याआधी काढलेले कपडे गोळा करून दान केले जातात, म्हणून नवऱ्याचा जुना स्वेटर तिथे सोडताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्याला वाटलं.

आमच्या वर्षी हवा कोरडी आणि उन्हाची होती. दर वर्षी असं नसतं. २०१८ मध्ये समोरून वारा, गोठवणारा पाऊस आणि तशात पुरुषांत जिंकला युकी कावाउची, जो तेव्हा जपानमधल्या सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता. नोकरी सांभाळून धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. हातमोजे, टोपी आणि पावसाचं पातळ जॅकेट नेलंच पाहिजे, हवामानाचा अंदाज काहीही असो.

रस्ता

बॉस्टनचा मार्ग एकूण सुमारे १४० मीटर खाली उतरतो. म्हणूनच तिथली वेळ विश्वविक्रमाला धरत नाहीत; जेफ्री मुताई २०११ मध्ये २:०३:०२ धावला, ती वेळ तेव्हाच्या विक्रमापेक्षा सरस होती, तरी धरली गेली नाही. हे वाचून लोकांना वाटतं, मग सोपंच आहे की! तसं नाही. पहिल्याच मैलात रस्ता सुमारे ४० मीटर खाली जातो. पाय ताजे, रस्ता अरुंद, आजूबाजूचे सगळे तुमच्याच वेगाचे, कारण कोरल, म्हणजे सुरुवातीला उभं राहायचे कप्पे, पात्रता वेळेनुसार लावलेले असतात. आपल्याकडच्या शर्यतींत पहिले दोन किलोमीटर माणसं चुकवण्यात जातात. इथे कुणालाच कुणी ओलांडत नव्हतं. त्या ओघात वेग वाढतो आणि मांड्या आतून फुटायला लागतात, पण त्याचा हिशोब २५ किलोमीटरनंतर समोर येतो. पुढच्या ॲशलँड गावापर्यंत ठरलेल्या पेसपेक्षा मुद्दाम हळू धावा.

ॲशलँड आणि फ्रॅमिंगहॅमच्या पट्ट्यात भारतीय वस्ती बरीच आहे. माझ्या टी-शर्टवर देवनागरीत ‘पुणे’ लिहिलं होतं. एका कोपऱ्यावरून “अगं पुणे, चल पटापट!” असं आलं. आवाजावरून बाई सदाशिव पेठेतल्याच असाव्यात. टी-शर्टवर गावाचं नाव लिहाच.

अर्ध्या वाटेच्या जरा आधी वेल्स्ली कॉलेजच्या मुलींचा ‘स्क्रीम टनेल’ लागतो, म्हणजे ओरडून हुरूप देणाऱ्या मुलींची रांग. तो दिसायच्या खूप आधी ऐकू येतो.

खरी शर्यत न्यूटनमध्ये. महामार्गावरचा पूल ओलांडताना पहिला चढ, मग फायर स्टेशनपाशी उजवीकडे वळून कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर बाकीचे तीन. चौथा तो हार्टब्रेक हिल, साधारण ३२ व्या किलोमीटरनंतर. उंची बघाल तर हसाल: ६०० मीटरांत २७ मीटर. आपण बोपदेव घाट चढणारे लोक. मीही आधीच्या शुक्रवारी भाचीबरोबर तो चढ चालून आले आणि “मावशी, हा तर आपल्या पर्वतीच्या पायथ्याएवढा पण नाही,” यावर आम्ही दोघी एकमताने परतलो होतो. सोमवारी तो वेगळा होता. २५ किलोमीटर उताराने मांड्यांची वाट लावलेली असते आणि मग शरीराला पुन्हा वर जायला सांगायचं. नावही उंचीवरून पडलेलं नाही. १९३६ मध्ये जॉनी केलीने इथे आघाडीवरच्या टार्झन ब्राउनला गाठलं आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. ब्राउन चवताळला आणि पुढे जाऊन जिंकला. केलीचा झाला हार्टब्रेक.

म्हणून तयारीबद्दल एकच सांगते: चढ सगळेच करतात, तुम्ही उतार करा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यासाठी उत्तम, कारण यवतेश्वर घाट चढल्यावर तोच घाट उतरायचाही असतो. पुण्यात लाँग रनच्या पहिल्या भागात सलग उतार घ्या आणि शेवटी चढ ठेवा, उलट नको. महिन्यातून दोनदा पुरे. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर फिजिओला विचारूनच.

बॉस्टन कॉलेजनंतर पुन्हा उतार लागतो, आणि थकलेल्या मांड्यांना तो चढापेक्षा जास्त दुखतो. दूरवर सिट्गो या तेल कंपनीची मोठी पाटी दिसायला लागते, पण ती बराच वेळ जवळ येत नाही. केनमोर चौकानंतर उजवीकडे हेरेफर्ड, डावीकडे बॉयल्स्टन, आणि समोर निळी-पिवळी रेघ. मी ३ तास ५२ मिनिटांत पोहोचले. बॉस्टनमध्ये पुन्हा बीक्यू करायचा हट्ट बहुतेकांनी धरू नये असं माझं मत आहे. पात्रता दिल्लीत मिळवावी आणि बॉस्टन बघत धावावं. त्या दिवशी बायकांत शेरॉन लोकेडीने २:१७:२२ असा मार्गाचा नवा विक्रम केला. पुरुषांचा विजेता जॉन कोरिर सुरुवातीलाच पडला होता, तरी जिंकला.

रेघ ओलांडल्यावर थांबू देत नाहीत. पाणी, पदक, अंगावर घ्यायचं फॉइल असं करत बरंच चालायचं असतं आणि घाम वाळताच थंडी भरते. जमा केलेल्या पिशवीत सुका शर्ट, गरम पँट आणि सैल चपला ठेवा. घरच्यांना भेटायला आडनावाच्या आद्याक्षरांच्या पाट्या असतात. आडनाव गर्दीच्या अक्षरावर येत असेल तर कमी वापरातलं एखादं अक्षर आधी ठरवून ठेवा. परतीचं विमान बुधवारच्या आधी घेऊ नका आणि सीट खिडकीची नको, मधल्या वाटेच्या कडेची घ्या.

वयाबद्दल एक शेवटचं, कारण हे फार जणांना माहीत नसतं. वयोगट ठरतो तो बॉस्टनच्या शर्यतीच्या दिवशीच्या वयावरून, पात्रता शर्यतीच्या दिवशीच्या नव्हे. आमच्या ग्रुपमधली एक ताई एप्रिल २०२७ च्या पहिल्या आठवड्यात पन्नाशीची होतेय. म्हणजे ४९ व्या वर्षी धावूनही तिला २०२७ साठी ३:४५ ऐवजी ३:५० ची पात्रता लागू होते. तिची सध्याची वेळ ३:४४ आहे. सहा मिनिटं हातात आहेत, आणखी दोन हवीत, म्हणून तिचे मंगळवारचे इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत धावायचे वेगवान तुकडे) वाढवलेत.