बेस गिटार: स्वर लावणं आणि वेळेवर संपवणं

नवी बेस हातात आली की पहिल्याच दिवशी तारेतून भरघोस आवाज निघतो. अडचण पुढे येते, कारण तो आवाज थांबत नाही. जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा चार तारा असतात; त्यातली सर्वांत जाड ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंपते, एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते आणि शेजारच्या तारांनाही हलवते. म्हणून कोणतं बोट कुठे वाजवतं याइतकंच, कोणतं बोट कोणती तार गप्प ठेवतं हे पहिल्या दिवसापासून शिकायला हवं.

खात्री करून घ्यायची असेल तर ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवर (बेसच्या लांब मानेवर) धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या पाचव्या घरात, स्वर वाजवा आणि फक्त तीच तार दाबून बंद करा. मागे एक गुंजन उरेल. ते मोकळ्या ए तारेचं आहे, कारण दोन्ही ठिकाणी एकच स्वर आहे, 55 हर्ट्‌झचा. तुम्ही तिला हातही लावलेला नसतो. गाण्यात असे उरलेले स्वर साचत गेले की सगळं गढूळ ऐकू येतं आणि दोष बिचाऱ्या अॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) दिला जातो.

उजवा हात आधी घेऊ. अंगठा पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसवलेल्या कंपनं टिपणाऱ्या पट्टीच्या, कडेवर टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून वापरा, एकच स्वर सलग वाजवतानासुद्धा. तार बाहेर ओढायची नाही, तशी ओढली की ती फ्रेटवर आपटून खटखट करते. बोट तारेवरून आडवं सरकवत न्या आणि ते शेजारच्या जाड तारेवर विसावू द्या. ए तार वाजवली की बोट ई तारेवर येऊन थांबतं आणि तिला आपोआप गप्प करतं. ई तारेच्या पलीकडे तार नाही, तिथे बोट अंगठ्यावर येऊन टेकतं.

डी आणि जी तारांकडे जाताना अंगठा पिकअपवरच ठेवला तर ई तार मोकळी राहते. तेव्हा अंगठा ई तारेवर आणून टेकवा. जी वाजवताना तो ई आणि ए या दोन्हींना स्पर्श करेल असा थोडा कलता ठेवा, आणि डी तारेवर वाजवून आलेलं बोट विसावतंच. नामवंत बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत, हे खरं आहे. तरीही सुरुवात दोन बोटांनी करावी, वेग वाढला की एका बोटाचा दम लवकर संपतो.

जोर किती लावायचा? वाटतं त्यापेक्षा बराच कमी. अॅम्पचा आवाज थोडा वाढवा आणि बोट हलकं ठेवा. हात जड असेल तर तार डगमगते, छेडल्याक्षणी स्वर किंचित चढा लागतो आणि तार थांबवणंही कठीण जातं.

आता डावा हात. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला मागून लागून ठेवा, पट्टीच्या वर नाही. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार झणझणते. किती दाबायचं ते असं ठरवा: बोट तारेवर नुसतं टेकवून वाजवत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. झणझण संपून स्वर स्वच्छ झाला की तिथेच थांबा. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर. मनगट सरळ. बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर राहील असा पट्टा बांधा. बोटांची टोकं काही दिवस हुळहुळली तर हरकत नाही, पण मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा.

एका फ्रेटला एक बोट हा नियम सगळीकडे लावू नका. नेहमीच्या 34 इंची (वाजणाऱ्या तारेची लांबी) बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर सुमारे 13 सेंटिमीटर भरतं, तर पाचव्यापासून आठव्यापर्यंत साधारण 10. नेकच्या टोकाकडे बोटं ताणून बसवली की मनगट वाकतं आणि करंगळी लुळी पडते. तिथे डबल बेस वाजवणाऱ्यांची पद्धत घ्या: तर्जनी पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर अनामिका व करंगळी मिळून. चौथा फ्रेट हवा असेल तर अख्खा हात सरकवा. चार बोटांची बैठक पाचव्या फ्रेटच्या पुढे, ब्रिजच्या (तारांचं खालचं टोक जिथे बसतं त्याच्या) दिशेने.

तिथेच पहिला मेजर स्केल बसवा, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचेच स्वर. सा ई तारेच्या आठव्या फ्रेटवर, मधल्या बोटाने. रे दहाव्यावर, करंगळीने. ए तारेवर ग, म, प हे सातव्या, आठव्या आणि दहाव्या फ्रेटवर: तर्जनी, मधलं बोट, करंगळी. डी तारेवर ध, नि, सां सातव्या, नवव्या आणि दहाव्यावर: तर्जनी, अनामिका, करंगळी. हात जागचा हलत नाही. एक खूण लक्षात ठेवा. त्याच फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेवर गेलात की शुद्ध म मिळतो आणि तिथून दोन फ्रेट पुढे प. बेसवाल्याचं अर्धं काम सा आणि प यांवरच चालतं.

स्वर संपवायचा सराव या स्केलवरच करा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर. पहिल्या ठोक्याला स्वर, तो दुसऱ्या ठोक्यावरही चालू, तिसऱ्या ठोक्याला नेमका बंद, चौथा रिकामा. बंद करताना डाव्या बोटाचा दाब सोडा, पण बोट तारेवरच असू द्या. बोट पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजेल. इथे एक खाचखळगा आहे: पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर तार गप्प होण्याऐवजी बारीक घंटेसारखा हार्मोनिक वाजतो. म्हणून दुसरं किंवा तिसरं बोटही सोबत टेकवा. तर्जनी थोडी आडवी पडू दिली की तिचा खालचा भाग बारीक तारांनाही शांत ठेवतो.

हे मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण हेडफोन लावून ऐका. मोबाईलच्या स्पीकरला हे खालचे स्वर पेलत नाहीत आणि उरलेलं गुंजन त्यात ऐकूच येत नाही.

एवढं करूनही नेकच्या टोकाकडच्या सगळ्या फ्रेटवर झणझण राहिली तर बोटाला दोष देऊ नका. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण 0.3 मिलिमीटर फट हवी. फट अजिबात नसेल तर नेक अगदी सरळ किंवा मागे वाकलेला आहे. लाकूड हवेतल्या दमटपणाने हलतं, त्यामुळे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ही तपासणी करून घ्यावी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक कमीजास्त करणारी धातूची सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव फेरीहून जास्त नाही, आणि आधी कधी फिरवला नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या.