कीविनॉची काळी वाळू

निसर्ग आणि माणसं यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांचं एक आंतरराष्ट्रीय संमेलन आहे. पहिलं 1986 मध्ये ओरेगॉनमधल्या कॉर्व्हालिसला झालं. आता ते दरवर्षी वेगळ्या गावी भरतं. 2016 च्या जूनमध्ये ते अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला, होटन गावातल्या मिशिगन टेक विद्यापीठात होतं. गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्कांवरचा माझा निबंध तिथं वाचायचा होता.

शिकागोहून निघालेलं छोटं विमान खाली येऊ लागलं की लेक सुपिरिअर दिसतं. याला तळं म्हणायला जीभ रेटत नाही, पलीकडचा काठच दिसत नाही. त्यात घुसलेला जमिनीचा लांब सुळका म्हणजे कीविनॉ. एका अरुंद जलमार्गानं तो मधोमध कापलाय. अलीकडे होटन, पलीकडे हँकॉक आणि दोन्ही गावं जोडणारा, जहाज आलं की मधला भाग वर उचलणारा पूल. हँकॉकच्या टेकडीवर क्विन्सी खाणीचा मनोरा उभा आहे. इथं शुद्ध धातूच्या रूपातलं तांबं सापडतं. मूळ रहिवासी ते हजारो वर्षांपासून काढत होते. 1840 च्या दशकात कंपन्या आल्या, आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून, फिनलंडमधून, क्रोएशियातून खाणकामगार आले. कॉर्नवॉलवाल्यांची पेस्टी अजून प्रत्येक खानावळीत मिळते: मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा (सलगमसारखा एक कंद) भरलेली, तळहाताहून मोठी भाजलेली करंजीच. मी रोज दुपारी तीच खात होते.

जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे निबंधवाचन संपलं तरी चर्चा संपायच्या नाहीत. पाण्याकाठी घोळके बसलेले असायचे. कुणी वणव्यानंतर घर सोडायला नकार देणाऱ्यांशी बोलून आलेलं, कुणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांवर काम करणारं. पण त्या गावात सगळ्यांच्या तोंडी येणारा विषय होता आयल रॉयलच्या लांडग्यांचा. सुपिरिअरमधलं हे बेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचं मुख्यालय होटनलाच आहे. तिथल्या लांडग्यांचा आणि मूस हरणांचा अभ्यास 1958 पासून अखंड चालू आहे, तोही आता याच विद्यापीठातून. लांडगे 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत बेटावर आले होते. आता हिवाळे ऊबदार झाले, बर्फाची वाट क्वचित तयार होते, नवं रक्त येत नाही. त्या वर्षी बेटावर फक्त दोन लांडगे उरले होते, तेही जवळच्या नात्यातले. मूस मात्र हजारावर गेलेले.

बाहेरून लांडगे आणून सोडावेत की नाहीत? जीवशास्त्र सांगेल की लांडगे संपले तर मूस वाढतील आणि झाडोरा खाऊन फस्त करतील. पण रानात माणसानं हात घालावा का, हवामान आपणच बिघडवल्यावर हात न घालणं तरी कितपत निर्दोष, आणि हे ठरवायचं कुणी, याची उत्तरं मूस मोजून मिळत नाहीत. आमचं शास्त्र इथून सुरू होतं असं मला मनापासून वाटतं. पर्यावरणाच्या समित्यांवर समाजशास्त्रज्ञाला शेवटी बोलावतात, 'लोकांना समजावून सांगायला'. त्याला पहिल्या बैठकीलाच बोलवायला हवं. (दोन वर्षांनी, 2018 मध्ये, उद्यानानं नवे लांडगे आणायला सुरुवात केली.)

एका सकाळी आम्ही काही जण गाडी करून सुळक्याच्या पूर्व किनाऱ्याला गे नावाच्या गावी गेलो. गाव इवलंसं, पण बंद पडलेल्या गिरणीचं धुराडं दुरूनच दिसतं. इथं तांब्याचा खडक यंत्रानं कुटून भुगा करत, तांबं काढून घेत आणि उरलेला भुगा सरोवरात ढकलत. दोन गिरण्यांनी 1901 ते 1932 या काळात दोन कोटी टनांहून अधिक भुगा टाकला. त्याला तिथं 'स्टॅम्प सँड' म्हणतात. करड्या-काळ्या रंगाची ही वाळू पायाखाली करकरते. तिच्यावर जवळपास काहीच उगवत नाही. त्यातलं उरलंसुरलं तांबं पाण्यातल्या बारीक जिवांना मारतं.

आणि ती जागेवर राहत नाही. लाटा तिला दक्षिणेकडे ढकलतात. काही मैल सरकत ती ग्रँड ट्रॅव्हर्स बंदरापर्यंत पोचलीय आणि पाण्याखालच्या बफेलो रीफवर चढतेय. या खडकाळ रीफवर लेक ट्राउट आणि व्हाइटफिश अंडी घालतात. दगडांमधल्या फटी वाळूनं भरल्या की अंडी ठेवायला जागाच उरत नाही.

ते मासे इथल्या मूळ रहिवाशांचं, ओजिब्वे लोकांचं, अन्न आणि उपजीविका आहेत. 1842 च्या करारात त्यांच्याकडून हा मुलूख घेतला गेला, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी राखला. 1854 च्या करारानं त्यांना कीविनॉ बेच्या काठी राखीव वस्ती मिळाली. तरी 1965 मध्ये विल्यम जॉन्ड्रो या मच्छीमाराला राज्याच्या कायद्याखाली ट्राउट पकडल्याबद्दल धरलं गेलं. 1971 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं 1854 च्या कराराचा आधार घेऊन त्यांच्या बाजूनं निकाल दिला. हे ऐकताना मला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव आठवत होतं. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. कागदावरचा हक्क आणि हातातला बांबू यांत दोन वर्षं गेली. इथं करार आणि जाळ्यातला मासा यांत शतकाहून जास्त काळ गेला. आणि आता मासे पकडायचा हक्क शाबूत असून मासेच राहतील की नाही ही चिंता. सोबतच्या एका संशोधिकेनं विचारलं, गिरणीचे मालक कधीच गेले, मग या वाळूची जबाबदारी कुणाची? गाडीत परतताना त्यावर खूप वाद झाला, एकमत काही झालं नाही.

2017 मध्ये रीफ वाचवण्यासाठी कार्यगट नेमला गेला. त्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या यंत्रणांबरोबर कीविनॉ बे इंडियन कम्युनिटी, म्हणजे इथला ओजिब्वे समुदाय, हीही बसते. गाळ उपसायचा कसा, टाकायचा कुठं, पैसा कुणाचा, हे तिथं ठरतंय.

त्या बाजूला कुणी गेलंच, तर क्विन्सी खाण बघाच. पण पुढे गे गावापर्यंत गाडी न्या आणि तिथून किनाऱ्यानं ग्रँड ट्रॅव्हर्स बंदरापर्यंत जा.