हलक्या विमानाचं लँडिंग: सर्किटची नोंदवही

सर्किट म्हणजे उड्डाण करून धावपट्टीभोवती फेरी मारत पुन्हा उतरणं. विमान ६०० किलो वर्गातलं, दोन आसनी, खालच्या पंखांचं. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. पुढचं चाक मोकळं फिरणारं, म्हणजे जमिनीवर वळायचं ते ब्रेकनेच. पूर्ण वजनावर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली सोडून स्टॉल, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, ४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी). तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधला स्टॉल वेगळा असेल, तर खालचं गणित त्यावरून पुन्हा मांडा.

तास १ ते ४: वेग

अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येतानाचा, वेग स्टॉलच्या १.३ पट, म्हणजे ५२ नॉट. ५७ ने आलात तर ऊर्जा २० टक्के जास्त, ६२ ने आलात तर ४२ टक्के. मोठ्या विमानावरून येणारे 'सुरक्षित असावं' म्हणून दहा नॉट जास्त ठेवतात, आणि मग धावपट्टी संपत आली तरी चाकं टेकत नाहीत. खालच्या पंखांना जमिनीलगत ग्राउंड इफेक्ट (जमीन जवळ असल्यामुळे हवेचा विरोध कमी होणं) जास्त मिळतो, त्यामुळे तरंगणं आणखी लांबतं.

उलट बाजूही तितकीच खरी: हाताशी असलेला वेग संपायलाही वेळ लागत नाही. वजन कमी म्हणून वेग झटकन मरतो, असं सर्रास सांगतात. पण वेग किती लवकर उतरणार हे ड्रॅग (हवेचा विरोध) आणि वजन यांच्या गुणोत्तरावर ठरतं, नुसत्या वजनावर नाही. फ्लॅप खाली सोडल्यावर लिफ्ट (पंखांची उचल) आणि ड्रॅग यांचं गुणोत्तर ८ धरा. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) बंद करून विमान सरळ धरलं तर दर सेकंदाला सुमारे २.४ नॉट जातात. ५२ पासून ४० पर्यंत फक्त १२ नॉट हाताशी आहेत, म्हणजे पाच सेकंद. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतरणं मंद करणं, तीन मीटर उंचीवर संपवला आणि तिथेच रेंगाळलात, तर हे पाच सेकंद हवेतच सरतात आणि विमान धप्पकन बसतं.

वजनाचा फरक मात्र जरूर मोजा. सोबतचा ९० किलोचा माणूस उतरला की ६०० चे ५१० होतात. स्टॉल वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा ४० चा ३७ होतो आणि अप्रोच ४८ वर येतो. पहिल्या सोलोत (प्रशिक्षकाविना एकट्याच्या उड्डाणात) विमान इतकं का तरंगतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. प्रशिक्षक शेजारी असतानाच हलक्या वजनाचा आकडा गुडघ्यावरच्या पाटीवर लिहून ठेवावा.

तास ५ ते ७: नजर

नाक आखूड आणि पुढे उतरतं असल्यामुळे क्षितिजाशी जुळवायला समोर काही सापडत नाही. डाव्या सीटवरून काऊलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) मध्य धावपट्टीच्या टोकावर ठेवला, की विमान प्रत्यक्षात डावीकडे तोंड करून टेकतं आणि टायर किंचाळतात. उपाय जमिनीवरच करायचा: विमान सेंटरलाइनवर (धावपट्टीच्या मधल्या रेषेवर) सरळ उभं करा, सीट नेहमीच्या उंचीला आणा आणि स्वतःच्या डोळ्यासमोर काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. दहा लँडिंगनंतर तो काढला तरी चालतो. फ्लेअर सुरू होताच नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे गेली पाहिजे; चाकापुढची जमीन पाहत राहिलं की हात हमखास जास्त ओढतो.

स्टिक (विमानाचं नाक आणि पंख वर-खाली करणारा दांडा) हलकी असते. कोपर मांडीवर टेकवून दोन-तीन बोटांनी धरा, मूठ आवळू नका. ओढायची ती थांबत थांबत: थोडी ओढा, विमान खाली येऊ लागेल, पुन्हा थोडी. चाकं टेकतील तेव्हा स्टिक जवळजवळ पोटाशी आलेली हवी. टेकल्यावरही ती तिथेच धरून ठेवा, नाक आपोआप खाली येऊ द्या.

उसळी

पुढच्या चाकाचे पाय मोडतात ते इथे. जास्त वेगात सपाट टेकलं, की पुढचं चाक आधी आपटतं, नाक वर उडतं. पायलट घाबरून स्टिक पुढे ढकलतो आणि नंतरचं आपटणं आधीपेक्षा जोरात होतं. म्हणून उसळल्यावर स्टिक पुढे ढकलायची नाही. छोटी उसळी असेल तर नाक आहे तसं धरा, थोडी पॉवर द्या, पुन्हा बसवा. मोठी असेल किंवा दुसऱ्यांदा आली, तर लगेच गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढणं. थ्रॉटल दोन सेकंदांत गुळगुळीत पूर्ण उघडा. अप्रोचच्या ट्रिममुळे (स्टिकवरचा जोर हलका करायला आधी लावलेल्या समायोजनामुळे) नाक जोरात वर जाऊ पाहील. ते दाबून धरा, उजवा रडर (पेडलने वळणारा शेपटीचा उभा भाग) द्या. वेग वाढून विमान चढू लागल्यावरच फ्लॅप एकेक टप्प्याने उचला.

तास ८ ते ११: बाजूचा वारा

बाजूने १० नॉट वारा असेल तर ६५ नॉटच्या विमानाला सुमारे ९ अंशांचा क्रॅब (सरळ रेषेत राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवणं) लागतो, ५० नॉटच्या आपल्याला साडेअकरा. फ्लेअरच्या वेळी रडरने नाक सरळ करा, त्याच क्षणी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, आणि वाऱ्याकडचं मागचं चाक आधी टेकवा. टेकल्यावर लोक एलरॉन (पंखांच्या टोकांजवळच्या, स्टिक बाजूला नेल्यावर हलणाऱ्या झडपा) सोडून देतात. ही चूक फार नडते, कारण वेग उतरतो तसा एलरॉनचा प्रभावही घटतो. स्टिक वाऱ्याच्या बाजूला वाढवत नेऊन शेवटी पूर्ण टोकाला न्यायची. पुढचं चाक रडरशी जोडलेलं असेल, तर ते टेकण्याआधी पेडल मध्यावर आणा, नाहीतर टेकताक्षणी विमान झटका देऊन वळतं. मोकळ्या चाकाला हा धोका नाही, पण वेग उतरून रडर निकामी झाल्यावर दिशा राखायला ब्रेकच उरतो. पाय आधीपासून ब्रेकवर नकोत.

झोतांच्या वाऱ्यात झोताच्या फरकाचा निम्मा आकडा वेगात मिळवायचा: ८ नॉट वारा, झोत १६ चे, तर ४ नॉट, म्हणजे ५६. त्याहून जास्त नको. फ्लॅप एक टप्पा कमी ठेवले तर झोतात विमान धरणं सोपं जातं.

पुढचं सत्र

फ्लॅपविना लँडिंग, थ्रॉटल बंद ठेवून उंची फक्त साइडस्लिपने (पंख एका बाजूला झुकवून, उलटा रडर देऊन तिरकं घसरत) कमी करत ठरलेल्या खुणेच्या ६० मीटरच्या आत टेकणं, आणि ४८ च्या आकड्यावर सलग सहा सोलो सर्किट.