टेम्पोतून उमरेडला नेलेली नागभीड लाइन

मॉडेल रेल्वेचे, म्हणजे छोटे रूळ बसवलेले लाकडी पाट उन्हात टेम्पोतून न्यायचे असतील, तर रुळांत फट ठेवल्याशिवाय ते घराबाहेर काढू नका. आणि टेम्पोचं भाडं लिहून घ्या. आमच्याकडून दोन्ही राहिलं. मार्चमधल्या त्या रविवारी उमरेडच्या शाळेत साडेदहाला सुरू व्हायची गाडी अडीचला सुरू झाली.

आमचा गट नऊ जणांचा. नागपुरात कडबी चौकाजवळचं नॅरोगेज (छोट्या लाइनच्या रेल्वेचं) संग्रहालय 14 डिसेंबर 2002 ला सुरू झालं. तिथे जुन्या डब्यांची मापं घेता घेता आमची ओळख झाली. आमच्यातले काका मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले; डब्याच्या खालची बाजू कशी असते हे विचारायला त्यांच्याशिवाय कोण? 2015 मध्ये छिंदवाड्याची छोटी लाइन बंद पडली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये नागभीडची. 1908 पासून धावणारी गाडी ब्रॉडगेजसाठी थांबली, हे योग्यच झालं. पण ती कशी होती हे पुढच्या पोरांना दिसलं पाहिजे, म्हणून आम्ही ती लाकडावर उतरवायला घेतली.

माप निवडलं 1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान; मॉडेलवाले याला एचओ म्हणतात. खऱ्या नॅरोगेजच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, त्याला 87 ने भागलं की 8.76 येतात. बाजारात एन स्केलचे, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचे, 9 मिलिमीटरचे रूळ मिळतात, ते जवळजवळ तंतोतंत बसतात. ब्रॉडगेज करणाऱ्यांचं हे सुख नाही. त्यांना हवेत 19.3 मिलिमीटर, आणि एचओचा तयार रूळ 16.5 चा. तेव्हा विदर्भात नव्याने सुरुवात करणाऱ्याने छोटी लाइनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येकाने 120 सेंटिमीटरचा एक पाट आपल्या घरी करायचा. कडेला रुळांची जागा आणि उंची सगळ्यांची सारखी, दोन बोल्ट आवळले की इतवारी, उमरेड, भिवापूर, नागभीड सलग. महिन्यातून एका रविवारी जोडणी, आणि जमेल तेव्हा एखाद्या शाळेत प्रदर्शन. सातवी-आठवीच्या पोरांच्या हातात तिथे सोल्डरिंग आयर्न देतो. त्यातल्या दोन मुली आता दर महिन्याला येतात.

आता टेम्पो. उमरेड सुमारे 50 किलोमीटर. फोनवर ठरले 2,500, जाऊन-येऊन. पोचल्यावर टेम्पोवाले भाऊ म्हणाले, "माल नाजूक हाय जी, हळू आनाव लागला. आन थांबाचे पैसे अलग." शेवटी 4,200 दिले. पाट त्यांच्याच गाडीत, घासाघीस कशी करणार? परतीसह, थांबण्यासह, हळू चालवण्यासह, हे तिन्ही शब्द आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि "हो" आल्याशिवाय माल चढवू नका.

हॉल तळमजल्यावर आहे असं सांगितलं होतं. निघाला दुसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या वळणावर पाट फक्त उभा निघतो. सिग्नलचे खांब आणि झाडं वेगळ्या डब्यात नेली होती म्हणून वाचली. जागेचा फोटो मागवू नका, जिन्याचा व्हिडिओ मागवा.

भिवापूरचा पाट उघडला आणि पोटात गोळा आला. रूळ मधोमध बोटभर बाहेर फुगलेला, स्लीपर उचकटलेले. आमच्याकडे पाटाच्या दोन्ही कडांना रूळ पितळी स्क्रूवर सोल्डर केलेले असतात, आणि या पाटावर मधले सांधेही सोल्डर केलेले. ताडपत्रीखाली दोन तास तापला. 120 सेंटिमीटरचा रूळ 25 अंशांनी तापला की अर्धा मिलिमीटर लांबतो. लाकूड तितकं लांबत नाही. मग रूळ जाणार कुठे? बाजूला.

काकांनी सोनाराची करवत काढली आणि मधल्या सांध्याशी दोन्ही रूळ कापले. फटीच्या दोन्ही बाजूंना खालून वायर जोडली, म्हणजे इंजिनाला रुळांतून मिळणारा करंट तुटत नाही. रूळ सरळ करून खिळे पुन्हा ठोकले. फट किती, तर रूळ लांबतो तेवढी, अर्धा मिलिमीटर. हे काम घरी वीस मिनिटांचं, तिथे पावणेदोन तास लागले आणि पाहायला आलेली निम्मी पोरं जेवायला निघून गेली. करवत, वायर आणि सोल्डर सोबत ठेवा. एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा, हॉलमध्ये एकच सॉकेट चालू होतं.

अडीचला आमचं झेडडीएम, म्हणजे छोट्या लाइनचं डिझेल इंजिन इतवारीहून सुटलं. आत जपानी मोटर, वरची बॉडी प्लास्टिक शीट कापून हाताने केलेली. मागे चार डबे. भिवापूरच्या त्या फटीवरून जाताना चाकांचा बारीक "टक-टक" आवाज आला, आणि हॉल एकदम शांत झाला. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "याच गाडीनं मिरच्या नेत होतो आमी." भिवापूरच्या फलाटावर मिरचीची पोती नव्हती. तिखटाचे कण चिकटवून मी ती तिथेच, जेवण सोडून केली. पुढच्या फेरीला आजींनी स्वतः रेग्युलेटर फिरवला.

परतीला पाट ओल्या गोणपाटाखाली ठेवले आणि ऊन उतरल्यावर, साडेसहाला निघालो. एकही सांधा हलला नाही.