तीन डोस, सहा फवारे

उच्च माध्यमिक वर्गाला जीवशास्त्र शिकवताना डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन असे दोन बाण मी फळ्यावर गेली सोळा वर्षे काढत आलो आहे. हेच बाण स्वतःच्या दंडात घडताना अनुभवता येतील, या कुतूहलापोटी मी फेब्रुवारी २०२१ मध्ये झायकोव्ह-डी या करोना लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिले. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीची ही लस डीएनएवर आधारलेली होती आणि माणसांसाठी अशी एकही लस तोवर जगात मंजूर झालेली नव्हती. घोड्यांच्या वेस्ट नाईल आजारावरील डीएनए लशीला मात्र अमेरिकेत २००५ मध्येच परवाना मिळाला होता. हे घरी सांगताच पत्नी म्हणाली, "अहो, म्हणजे घोड्यांनंतर तुमचा नंबर!"

संमतीपत्र बरेच जाडजूड होते. ते वाचून झाल्यावर मी तेथील डॉक्टरांना विचारले की, लशीतील डीएनए माझ्या डीएनएमध्ये मिसळणार नाही ना. त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर एक वर्तुळ काढले. हे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे बंद कडे, ई. कोलाय जीवाणूंमध्ये ते वाढवून शुद्ध केले जाते आणि त्यात विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाचे जनुक बसवलेले असते. ते पेशीच्या केंद्रकात शिरते, तेथे त्याची आरएनए प्रत निघते आणि ती प्रत केंद्रकाबाहेर आल्यावर त्यावरून आपलीच पेशी स्पाइक प्रथिन तयार करते. प्लाझ्मिड माणसाच्या पेशीत स्वतःच्या प्रती काढू शकत नाही, गुणसूत्रात जाऊन बसण्याची शक्यता अत्यंत कमी असते आणि कालांतराने ते नष्ट होते, असे ते म्हणाले. "शून्य" हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

खरी मौज पुढे आहे. प्रथिन पेशीच्या आतच तयार होत असल्याने त्याचे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि ते पाहून संसर्गग्रस्त पेशी मारणाऱ्या टी पेशी जाग्या होतात. मृत विषाणूच्या लशीत हे काम सहसा फारसे साधत नाही. दुसरीकडे त्वचेतील डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी, हेच प्रथिन लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवतात, तेथे मदतनीस टी पेशी तयार होतात आणि त्यांच्या साहाय्याने बी पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात. शिवाय जीवाणूंमध्ये वाढलेल्या डीएनएची ठेवणच आपल्या प्रतिकारयंत्रणेला परकी वाटते, त्यामुळे प्लाझ्मिड स्वतःच धोक्याची घंटा वाजवते.

मग अशा लशी इतकी वर्षे का अडल्या? उंदरांत उत्तम चालणारी डीएनए लस माणसांत वारंवार दुबळी ठरत होती, कारण पेशीचे आवरण आणि केंद्रकाचे आवरण असे दोन उंबरे ओलांडेपर्यंत बहुतेक डीएनए वाटेतच नष्ट होते. म्हणूनच, अधिक डीएनए पेशींच्या आत पोहोचावे यासाठी, येथे सुईऐवजी दाबाने मारलेला फवारा होता. परिचारिकेने मुठीत मावेल एवढे स्प्रिंगचे उपकरण दंडावर काटकोनात घट्ट टेकवले, खट् असा आवाज झाला आणि रबरबँड तुटून बसावा तसा चटका लागला. एका निमिषात ०.१ मिलिलिटर द्रव त्वचेत शिरला होता आणि तेथे तुरीच्या दाण्याएवढा ओलसर फुगवटा आला होता. लगेच दुसऱ्या दंडावरही तसेच. एका डोसमध्ये २ मिलिग्रॅम डीएनए, प्रत्येक दंडात १ मिलिग्रॅम. १० फेब्रुवारी, १० मार्च आणि ७ एप्रिल असे अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने माझे तीन डोस, म्हणजे सहा फवारे पूर्ण झाले.

अर्थात, मला डीएनए मिळाले की निव्वळ क्षारद्रावण, हे मला किंवा त्या परिचारिकेलाही ठाऊक नव्हते, कारण निम्म्या स्वयंसेवकांना प्लॅसिबो दिले जात होते. एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली, सोसायटीत रोज कुणीतरी आजारी पडू लागले आणि ते अज्ञान जड वाटू लागले. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना मंजूर लस खुली झाली, तेव्हा चाचणी सोडण्याचा विचार मी दोनदा केला. पण तिसरा डोस होऊन महिनाही लोटला नव्हता, म्हणून थांबलो. चाचणीत सुमारे २८ हजार स्वयंसेवक होते. लक्षणांसह आजारी पडलेल्या ८१ जणांपैकी ६१ जण प्लॅसिबो गटातील आणि २० जण लस घेतलेले निघाले, आणि लशीची परिणामकारकता ६६.६ टक्के ठरली. हा आकडा डोळे दिपवणारा नाही, पण चाचणी विषाणूच्या डेल्टा या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकाराच्या तडाख्यात झाली होती, हे ध्यानात घ्यावे लागते.

२० ऑगस्ट २०२१ रोजी लशीला आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. मी विनंती केल्यावर माझा गट उघड करण्यात आला. मला लसच मिळाली होती. त्याच महिन्यात मुंबईच्या लोकलसाठी दोन डोसांच्या प्रमाणपत्राची अट लागू झाली होती आणि माझ्या हाती होते केवळ चाचणीच्या डॉक्टरांचे पत्र. स्थानकावरील पडताळणीच्या टेबलावर ते पत्र मी पुढे केले.

"काका, दोन्ही डोस झालेत का?" तेथील मुलाने विचारले.

"तीन झालेत."

त्याने पत्र उलटेपालटे करून पाहिले, लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर माझा क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. तेथे एकाही डोसाची नोंद नव्हती.