बंद केलेल्या संकेतस्थळांच्या यादीत वाचक कुठे असतो?

वर्तमानपत्रांत ज्याचा उल्लेख ‘एमपीडीए’ असा येतो, तो महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा मुळात झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याची वाट न पाहता स्थानबद्ध करता यावे, यासाठी झाला. २००९ मध्ये या मंडळींच्या पंगतीत व्हिडिओ पायरेट्सना बसवण्यात आले आणि पुढे वाळू तस्करही आले. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्या माणसाला, निदान कागदोपत्री, बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. या दुरुस्तीमागे पायरेट म्हणून जो माणूस डोळ्यांसमोर होता, तो स्थानकाबाहेर पथारी टाकून तबकड्या विकणारा होता. त्याचा धंदा केव्हाच बसला. आता प्रती टेलिग्रामच्या वाहिन्यांवर आणि परदेशांतल्या सर्व्हरवर असतात, विकणाऱ्याचा पत्ता नसतो, आणि म्हणून माणसाला धरण्याऐवजी संकेतस्थळाची वाट बंद करणे हा कायद्याचा मुख्य उपाय होऊन बसला आहे. या लेखाचा विषय तो उपाय आहे.

पायरसीची बाजू मला घ्यायची नाही. मराठी चित्रपटाला चित्रपटगृहात जेमतेम एखादा आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यात त्याची प्रत मोबाइलवर फिरू लागली तर निर्मात्याचे नुकसान भरून निघण्याची वेळच उरत नाही. महाराष्ट्र सायबरने २०१७ मध्ये या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पथक उभे केले, आणि त्या विभागाचे मुख्यालय आता आपल्या नवी मुंबईतल्या महापे येथे आहे. हे योग्यच झाले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पायरसीमुळे वर्षाला २०,००० कोटी रुपयांपर्यंत नुकसान होते असा आकडा दिला. चोरटी प्रत पाहणारा प्रत्येक जण एरवी तिकीट काढणारच होता, असे अशा हिशेबांत गृहीत धरलेले असते की काय, ही शंका मला नेहमी येते. पण आकडा निम्मा धरला तरी नुकसान लहान नाही. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची जी प्रत प्रदर्शनाआधीच बाहेर आली, तिच्यावर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. चोरीची सुरुवात अशी आतल्या साखळीतून होते, तेव्हा हजार संकेतस्थळे बंद करून मूळ छिद्र बुजत नाही.

संकेतस्थळे बंद करण्याचे प्रकरण आपल्याकडे ठळकपणे गाजले ते २०१२ मध्ये. दोन दक्षिणी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, आणि त्याचा अर्थ लावताना इंटरनेट सेवा पुरवठादारांनी व्हिमिओ, डेलीमोशन आणि पेस्टबिन ही लोकांचे व्हिडिओ आणि मजकूर ठेवणारी संकेतस्थळे सरसकट बंद करून टाकली. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या एका गाळ्यात चोरीचा माल सापडला म्हणून अख्ख्या बाजारपेठेचे शटर पाडावे, तसा हा प्रकार होता. त्या जूनमध्ये मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घातलेल्या तरुणांनी निदर्शने केली आणि त्याच महिन्यात न्यायालयाने आपला आदेश विशिष्ट पानांपुरताच असल्याचे स्पष्ट केले. दोन वर्षांनी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ४७२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या वादीने दिलेल्या यादीत गूगल डॉक्स या कागदपत्रे लिहिण्याच्या सेवेचाही समावेश होता. पुढे ती यादी २१९ वर आली, म्हणजे निम्म्याहून अधिक नावे पहिल्या दिवशीच्या छाननीत टिकायला नको होती.

या सगळ्यात मला सर्वांत नीट विचार केलेला वाटतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा पवित्रा. एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी नेहमीप्रमाणे लांबलचक यादी आणली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला, प्रत्येक दुवा तपासून प्रतिज्ञापत्रावर मांडण्यास सांगितले, आणि नंतर मोजक्या दुव्यांपुरता आदेश दिला. बंद पानावर कोणता मजकूर दिसावा, याकडेही त्यांनी लक्ष दिले. असा चित्रपट नुसता पाहणे हाही तीन वर्षे कैदेचा गुन्हा असल्याची सूचना त्या काळी झळकत असे. कायद्यात नुसते पाहणे हा गुन्हा नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आदेश कोणत्या दाव्यात झाला आणि ज्याला तो अन्यायकारक वाटेल त्याने दाद कुठे मागायची, हेही त्या पानावर असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आज ठाण्यात बसून बंद संकेतस्थळ उघडू पाहिले, तर दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार ते बंद आहे, एवढे एक वाक्य बहुधा दिसते. दावा क्रमांक नाही, तारीख नाही, तक्रारीचा पत्ता नाही.

दुव्यापुरती बंदी घालण्याची ही शिस्त तंत्रज्ञानानेही मोडली. पूर्वी संकेतस्थळाची वाहतूक उघडी असे, त्यामुळे सेवा पुरवठादाराला एखादे पान तेवढे अडवता येत असे. आता जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असते. आपण कोणत्या संकेतस्थळाकडे जात आहोत हे पुरवठादाराला बहुतेकदा कळते, पण त्यातले कोणते पान मागितले ते दिसत नाही. एक पान अडवण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्याच्या हातात पर्याय दोनच उरतात: काहीच न अडवणे किंवा सगळेच अडवणे. परवाना सरकारच्या हातात असलेला व्यावसायिक यांतला कोणता निवडेल, हे सांगायला नको.

याचा फटका मराठी वाचकाला कसा बसतो, ते ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून सुमारे २,६०० संकेतस्थळांवर बंदी मिळवली आणि त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह हे जुनी पुस्तके आणि वेबपाने जतन करणारे डिजिटल ग्रंथालय होते. आम्हाला कोणी काही कळवलेच नव्हते, असे त्या संस्थेने तेव्हा सांगितले. चित्रपटांच्या प्रतींचा अड्डा म्हणून या संस्थेकडे पाहणाऱ्याने तिथला मराठी विभाग कधी उघडलेला नसावा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पात स्कॅन झालेली, मराठीसह अनेक भारतीय भाषांतली जुनी पुस्तके तिथे आहेत. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आधाराने ज्यांचे वाचन वाढले, त्या माझ्यासारख्यांना अशा पुस्तकांची दुर्मीळता ठाऊक आहे: एकच आवृत्ती निघालेली, प्रकाशनसंस्था बंद पडलेली, वारस कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. ज्याला संदर्भासाठी अशा पुस्तकाची दोन पाने हवी असतात, त्याच्यापुरते ते पडद्यावर दिसणे हेच त्याचे अस्तित्व असते.

तिथली सगळी पुस्तके कायद्याने खुली आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो, म्हणजे १९६५ मध्ये निवर्तलेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२६ रोजी खुले झाले, आणि स्कॅन करणाऱ्यांनी प्रत्येक वेळी हा हिशेब केलेला दिसत नाही. ज्या लेखकाची पुस्तके आज दुकानात मिळतात, त्याचे पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलणारे सुशिक्षित लोक मी आमच्या सोसायटीतच पाहतो आणि त्यांचे मला कौतुक नाही. तरीही विकत न मिळणारे पुस्तक आणि काल प्रदर्शित झालेला चित्रपट यांना एकाच यादीत घालणारी बंदी मालकाचे हित साधत नाही, कारण पहिल्या बाबतीत बुडणारा पैसाच नसतो.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्यतः चोरीवरच चालणारी संकेतस्थळे पूर्णपणे बंद करता येतील असे ठरवले, आणि त्यांची नवी प्रतिरूपे निघाली तर पुन्हा न्यायाधीशाकडे न जाता सहनिबंधक या न्यायालयीन अधिकाऱ्याकडून ती आदेशात जोडून घेण्याची सोय केली. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अजून तयारही न झालेल्या कलाकृतींना संरक्षण देणारा आदेश काढला. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आला. नोव्हेंबरमध्ये केंद्राने पायरसीच्या तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमले. त्यांच्या निर्देशानंतर ४८ तासांत मजकूर हटवायचा असतो. निर्णय असा न्यायाधीशाकडून निबंधकाकडे आणि निबंधकाकडून अधिकाऱ्याकडे उतरत आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये बंदीची जी कारणे दिली आहेत, त्यांत देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, पण कॉपीराइट नाही. तो खासगी मालमत्तेचा वाद मानून न्यायालयाकडे ठेवलेला होता.

अधिकारी प्रामाणिक असला तरी पुरेसे नसते, हे ठाणे जिल्ह्याला सांगण्याची गरज नसावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर याच जिल्ह्यात होते आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक टिप्पणीवरून दोन तरुणींना तिथे अटक झाली. त्या प्रकरणामुळे गाजलेले, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. विषय पायरसीचा नव्हता, पण सैल शब्दांत दिलेला अधिकार स्थानिक पातळीवर कसा वापरला जातो, ते तिथे दिसले.

कोचिंग वर्गाच्या चोरलेल्या साहित्याच्या एका दाव्यात २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले. निनावी राहण्याच्या हक्काचा प्रश्न त्यात येतो, हे मान्य करूनही मला हा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात चोरावर बोट ठेवले जाते आणि बाकीच्यांची वाट चालू राहते.

खुद्द कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक समतोल तरतूद आलेली आहे. मालकाने लेखी तक्रार केली की मध्यस्थाने, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या सेवेने, २१ दिवस तो मजकूर अडवायचा, आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करण्याची मध्यस्थाला मुभा असते. चित्रपटाचा पहिला आठवडा या मुदतीत पूर्ण येतो, आणि पुढे बंदी हवी असेल तर तिचे कारण न्यायाधीशासमोर मांडण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर राहते. ४८ तासांच्या नव्या पद्धतीत अशी मुदत दिसत नाही. ती तिथे घालावी, आणि बंद पानावर दावा किंवा तक्रार क्रमांक, तारीख आणि दाद मागण्याचा पत्ता छापणे सेवा पुरवठादारांच्या परवान्यातच बंधनकारक करावे.